दूरचित्रवाणीवरील पाककृति आणि घरांतील वजनकाटा

‘घरचेंच आहे, निःशंक खा,’ हें वाक्य आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत दिवसांतून किती वेळां उच्चारलें जात असेल याची गणती करणें कठीण. पाहुण्यास आग्रह करतांना तें म्हटलें जातें, आजाऱ्याची समजूत घालतांना म्हटलें जातें आणि मुलांना रस्त्यावरच्या गाडीपासून दूर ओढतांनाहि तेंच म्हटलें जातें. बाहेरचें तें अपायकारक व घरचें तें हितकारक ही विभागणी आम्हीं इतक्या मनापासून मान्य केलेली आहे कीं, तिला पुरावा मागावा असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरीं जें घडलें त्यामुळें तो पुरावा मागण्याची पाळी आमच्यावर आली. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें, विशेषतः ज्यांच्या हातीं घरचें स्वयंपाकघर आहे त्या वाचकभगिनींपुढें, ठेवण्याचें योजिलें आहे.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. आम्ही उभयतां, धाकटे बंधू अण्णा व त्यांची पत्नी, आमचा मुलगा व सून, पुतण्या आणि दोन नातवंडें. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. स्वयंपाकघराशीं आमचा संबंध पानावर येऊन बसण्यापुरताच. दोन वर्षांपूर्वीं अण्णांस हृदयविकाराचा झटका आला व अँजिओप्लास्टी करून रक्तवाहिनींत जाळी बसवावी लागली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं औषधांच्या चिठ्ठीबरोबर ताकीद दिली कीं, तेल, तूप, लोणी बेतानें घ्यावें, मीठ कमी करावें, भाज्या व कडधान्यें भरपूर खावीं. कुटुंबांतील वडील या नात्यानें आम्हीं त्याच दिवशीं फर्मान काढलें: हॉटेल बंद, बाहेरून जेवण मागविणें बंद, जें कांहीं खावयाचें तें घरीं करून खावें.

फर्मानाचें पालन कसोशीनें झालें. परंतु तरुण मंडळींच्या तोंडाला चवपालट हवा, आणि अण्णाहि मूळचे खवय्ये. तेव्हां सूनबाईनें दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या पाककृति घरीं करण्यास आरंभ केला. प्रथम दर रविवारीं एक, पुढें आठवड्यांतून तीन. आम्हांस यांत कौतुकच वाटलें. कृति उतरवून घेण्यासाठीं जाडजूड वही आम्हींच तिला आणून दिली. सहा महिन्यांनीं अण्णांचें रक्त तपासलें, तों अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं चढलेलें! डॉक्टरांनीं विचारलें, “बाहेरचें खातां काय?” अण्णा म्हणाले, “सहा महिन्यांत एक घास नाहीं.” आम्हीं तेथेंच त्यांच्या बाजूनें साक्ष दिली. घरीं आल्यावर आम्हीं संशय घेतला तो औषधावर. आपल्या ताटावर संशय घेण्याचें आमच्या मनांतहि आलें नाहीं.

तें मनांत आणून दिलें आमच्या नातीनें. ती महाविद्यालयांत गृहविज्ञान शिकते. तिनें आम्हांस ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत डिसेंबर २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेला एक निबंध वाचून दाखविला. त्याच्या लेखकांनीं त्या वेळीं सर्वाधिक खपणाऱ्या, दूरचित्रवाणीवरील पाककर्त्यांच्या पांच पुस्तकांतून मुख्य जेवणाच्या १०० कृति निवडल्या. आणि तेथील तीन मोठ्या दुकानसाखळ्यांतून, नुसतें गरम करून खावयाचें, असें १०० प्रकारचें तयार जेवण निवडलें. मग दोहोंतील पोषक द्रव्यांची एका माणसाच्या वाढणीनुसार तुलना केली. आमच्यासारखा मनुष्य पैज लावून सांगेल कीं, ताज्या साहित्याचें घरीं शिजविलेलें अन्न जिंकलें असेल. निकाल उलट लागला. दूरचित्रवाणीवरील पाककर्त्यांच्या कृतींत एका वाढणीमागें सरासरी सुमारे ६०५ उष्मांक, तर तयार जेवणांत सुमारे ४९४. स्निग्धांश कृतींत २७.१ ग्रॅम, तयार जेवणांत १७.२. रक्तवाहिन्यांस ज्याची विशेष भीति तो संपृक्त स्निग्धांश कृतींत ९.२ ग्रॅम, तयार जेवणांत ६.८. आणि पोट साफ ठेवणारे व कोलेस्टेरॉलला आळा घालणारे तंतु कृतींत अवघे ३.३ ग्रॅम, तर तयार जेवणांत ६.५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. प्रथिनांत मात्र कृति वरचढ ठरल्या: ३७.५ ग्रॅम विरुद्ध २७.९.

येथें घाईनें निष्कर्ष काढूं नये. त्या निबंधानें तयार जेवणाची भलावण केलेली नाहीं. त्या दोनशें पदार्थांपैकीं एकहि जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व शिफारशींस उतरला नाहीं, हें त्यांतच स्पष्ट सांगितलें आहे. त्याचा खरा अर्थ एवढाच कीं, चूल घरची असल्यानें पदार्थ आपोआप पथ्यकर होत नाहीं. कारखान्यांतून येणाऱ्या पाकिटास निदान आपल्या पोटांत काय आहे तें छापावें लागतें. आपल्या देशांतहि २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकिटावर दर शंभर ग्रॅममागें पोषणाचे आंकडे, आणि एका वाढणींतून दिवसाच्या गरजेचा किती हिस्सा भरतो तोहि आंकडा द्यावा लागतो. दूरचित्रवाणीवर उकळत असलेल्या कढईस असें कांहींच बोलावें लागत नाहीं.

या कार्यक्रमांची निंदा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. १९९३ सालीं झी वाहिनीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला, पुढें २००७ मध्यें मराठींत ‘आम्ही सारे खवय्ये’ आला, आणि त्यांनीं आमच्या घराघरांतून स्वयंपाकाविषयीं नवें कुतूहल उत्पन्न केलें हें कबूल केलें पाहिजे. पुतण्या आज उत्तम पोळ्या लाटतो तें याच कार्यक्रमांमुळें. परंतु या माध्यमाच्या घडणींतच एक अडचण आहे. प्रेक्षकास ना वास येतो, ना चव कळते. त्यास दिसतें तें केवळ रूप. आणि रूप खुलतें तें वर तरंगणाऱ्या तुपानें, बटरच्या वितळत्या तुकड्यानें, सायीच्या पांढऱ्या रेघेनें, ताणल्या जाणाऱ्या चीजच्या तारेनें. मुगाच्या उसळीनें कितीहि पुण्य केलें तरी तिला ती चकाकी येणार नाहीं. शिवाय कार्यक्रमाचा वेळ थोडा. सावकाश परतून, मुरवून आणावयाची चव थोड्या मिनिटांत आणावयाची असेल तर स्निग्ध पदार्थांसारखा जवळचा मार्ग नाहीं.

ही प्रवृत्ति आजची नव्हे, आणि आपल्याच देशांतली नव्हे. ब्रिटनमध्यें फिलिप हार्बेन या गृहस्थानें १९४६ सालीं बीबीसीवर पाकक्रिया दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हां त्या देशांत लोणी, साखर, मांस सारें शिधापत्रिकेवर मोजून मिळत होतें. तशा काळांतहि पहिल्या कार्यक्रमासाठीं निवड झाली ती समुद्रांतील शेवंडीचें सारण भरलेल्या लोणीदार पेस्ट्रीची! पडद्यावर रोजचें जेवण दाखवून कोण पाहणार? तेथें मेजवानीच दिसणार. चूक होते ती मेजवानीस रोजचें जेवण समजणाऱ्या प्रेक्षकाची. आमच्या घरीं नेमकी तीच झाली होती.

परंतु इंग्लंडमधील मांसाहारी पदार्थांचे आंकडे आमच्या शाकाहारी स्वयंपाकास कसे लागू पडावे, अशी शंका आम्हींच काढली. त्यावर नातीनें बाजारांतून एक लहान वजनकाटा आणला. येत्या रविवारीं सूनबाईनें नेहमीच्याच हातानें ‘पनीर बटर मसाला’ करावा, आणि प्रत्येक जिन्नस कढईंत पडण्यापूर्वीं आम्हीं तो तोलून टिपून घ्यावा, असें ठरलें. चार माणसांच्या भाजीचा हिशेब असा निघाला: पनीर ४०० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, क्रीम १०० मिलिलिटर, काजू ५० ग्रॅम, बाकी टोमॅटो, कांदा व मसाला.

बटरमध्यें शेंकडा ८० भाग स्निग्धांश; म्हणजे ४८ ग्रॅम. एका मोठ्या चमच्यांत सुमारे १४ ग्रॅम तेल, दोहोंचे २८. क्रीममधून २५. हें वरून घातलेलें स्निग्ध झालें १०१ ग्रॅम, म्हणजे माणशीं २५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें मे २०२४ मध्यें भारतीयांसाठीं आहाराचीं सुधारित मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत २००० उष्मांकांच्या आहारांत सबंध दिवसासाठीं असें तेल-तूप सुचविलें आहे २७ ग्रॅम. म्हणजे सकाळची फोडणी, पोळीवरचें तूप, चटणीवरचें तेल हें सारें बाजूस ठेवून एकट्या या भाजीनेंच दिवसाचा कोटा जवळजवळ संपविला. पनीर व काजू यांच्या पोटांतील स्निग्धांश धरला तर माणशीं आंकडा ५० ग्रॅमच्या वर जातो, आणि उष्मांक सहाशेंच्या जवळपास. पोळी-भात अजून पानांत पडावयाचाच आहे. इंग्लंडांतील सरासरीशीं हा आंकडा इतका जुळला कीं आम्ही कांहीं वेळ निरुत्तर झालों.

पण आमची निरुत्तरता फार वेळ टिकली नाहीं, आणि येथें आमच्या हातून घडलेला अन्याय सांगणें प्राप्त आहे. आम्हीं वही मिटली व शाळामास्तरी आवाजांत म्हणालों, “पाहिलेंत? आमच्या आईच्या हातच्या स्वयंपाकांत असलें कांहीं नव्हतें. हीं उसनीं थेरं घरांत आलीं आणि अण्णांच्या जिवावर बेतलीं.” सूनबाई कांहीं बोलली नाहीं, पदरानें डोळे पुसून ती आंत गेली. सहा महिने जिनें दमून भागून सर्वांसाठीं रांधलें, तिच्या माथीं आम्हीं दिराघरचा आजार मारला होता.

त्याच आठवड्यांत एकादशी आली. आमच्या घरीं साबूदाण्याची खिचडी आईच्या प्रमाणानें होते. तें प्रमाण साठ वर्षांत बदललेलें नाहीं. सूनबाईनें आम्हांस ओट्यापाशीं बोलाविलें आणि हातीं वही दिली. “बाबा, आज हेंहि तोलून घ्या.” चार माणसांसाठीं साबूदाणा ३०० ग्रॅम, दाण्याचें कूट १०० ग्रॅम, बटाटे २०० ग्रॅम, साजूक तूप चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम. नातीनें गणित केलें. माणशीं स्निग्धांश सुमारे २५ ग्रॅम. उष्मांक साडेपांचशेंच्या वर. साबूदाण्यांत तंतु नांवालाच, तेव्हां दाणे व बटाटे मिळून माणशीं तंतु तीन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाकाठीं निदान २५ ग्रॅम तंतु घ्यावयास सांगते. हा आमचा उपास! सूनबाईनें शांतपणें विचारलें, “ही कोणत्या वाहिनीवरची म्हणायची, बाबा?”

या प्रश्नास उत्तर नव्हतें. त्या दिवशीं फराळाच्या वेळीं सर्वांसमक्ष आम्हीं तिची क्षमा मागितली. वडीलपणास यानें उणेपणा येतो असें कोणास वाटत असल्यास वाटो. शाळेंत चुकीचें उत्तर बरोबर ठरवून एखाद्या मुलास बांकावर उभें केल्यावर चूक कळली, तर त्यास खालीं बसविणें हा मास्तराचा धर्मच आहे.

यानंतर आम्ही आपल्या विषयाकडे वळलों, कारण तोलण्या-मोजण्याची ही दृष्टि पाश्चात्यांकडूनच आली असें आम्हांस वाटत होतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत पहिल्याच अध्यायीं आहाराचा विचार करतांना आठ गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. प्रकृति म्हणजे द्रव्याचा मूळ गुण, करण म्हणजे त्यावर केलेला संस्कार, संयोग म्हणजे मिश्रण. राशि म्हणजे प्रमाण. तें दोन प्रकारें पाहावें असें तेथें सांगितलें आहे: सबंध आहाराचें एकत्र प्रमाण तो सर्वग्रह, आणि त्यांतील एकेका द्रव्याचें वेगळें प्रमाण तो परिग्रह. शेवटीं उपयोक्ता, म्हणजे खाणारा मनुष्य. हा अध्याय आम्हीं पूर्वीं वाचलेला होता. वजनकाट्याशेजारीं ठेवून वाचलेला नव्हता.

या आठांच्या कसास दूरचित्रवाणी लावून पाहावी. करण ती उत्तम शिकविते: कांदा किती परतावा, वाफ कधीं द्यावी. संयोगाचीहि तिला हौस. परंतु राशीचें नांव काढलें कीं ‘अंदाजानें’, ‘आवडीप्रमाणें’, ‘चवीपुरतें’ हे तीन शब्द पुढें येतात; कांहीं वेळां तर बाटली सरळ कढईंत उपडी होते. किती माणसांसाठीं हेंहि पुष्कळदां कळत नाहीं. यापूर्वींचीं पुस्तकें या बाबतींत अधिक जबाबदार होतीं. कमलाबाई ओगले यांचें १९७० मध्यें निघालेलें ‘रुचिरा’ घराघरांत रुजलें तें वाटी-चमच्याच्या निश्चित मापांमुळेंहि. आणि उपयोक्ता? तो तर दूरचित्रवाणीस ठाऊक असणेंच शक्य नाहीं. पानावर अण्णा बसले आहेत, त्यांच्या रक्तवाहिनींत जाळी आहे, हें पडद्यावरील पाककर्त्यास कोण सांगणार? आमच्या आईसहि तें ठाऊक नव्हतें. तिनें खिचडीचें प्रमाण ठरविलें तेव्हां अण्णा आठ वर्षांचे होते व दिवसभर नदीवर पोहत होते. खाणारा कोण हें जाणण्याचें काम ज्याच्या त्या घराचेंच आहे, आणि तें दुसऱ्या कोणावर सोंपवितां येत नाहीं.

यावरून आमच्या घरीं जे चार नियम ठरले ते देतों. ते कोणासहि करतां येण्यासारखे आहेत.

पहिला नियम: नवी कृति करण्यापूर्वीं ती किती पानांसाठीं हें वहींत लिहावें, आणि तेल-तूप-बटर बाटलींतून न ओततां चमच्यानेंच घालावें. एका मोठ्या चमचाभर तेलाचे सुमारे १२५ उष्मांक हें ध्यानीं ठेवलें कीं हात आपोआप आवरतो.

दुसरा नियम महिन्याच्या हिशेबाचा, आणि आमच्या मतें सर्वांत उपयोगाचा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. महिन्याचें तेल, तूप व बटर यांची ग्रॅममध्यें बेरीज करावी, तिला माणसांच्या संख्येनें व तीस दिवसांनीं भागावें. आमच्याकडे तेल ९ लिटर व तूप-बटर मिळून २ किलो येत असे; भागाकार आला माणशीं रोज सुमारे ३८ ग्रॅम. आतां तेल ६ लिटर व तूप १ किलो येतें, भागाकार २४. किराण्याची यादी ही घरच्या प्रकृतीची पहिली तपासणी आहे, आणि तिला सुई टोंचावी लागत नाहीं.

तिसरा नियम: पडद्यावरील कृति जशीच्या तशी न उचलतां तिची चव घ्यावी व राशि आपली ठेवावी. सूनबाईचा पनीर मसाला आतां चार जणांस असा होतो: पनीर २०० ग्रॅम, त्यांत भरपूर मटार, तेल एक चमचा, बटर १० ग्रॅम तेंहि शेवटीं वरून, काजू १५ ग्रॅम, क्रीमऐवजीं दूध. वरून घातलेलें स्निग्ध माणशीं २५ ग्रॅमवरून साडेपांचावर आलें. कांदा-टोमॅटो मंद आंचेवर अधिक वेळ परतावे लागतात, एवढाच काय तो जादा खर्च. खिचडींतहि दोनच चमचे तूप पडतें, साबूदाणा निम्म्यावर आला आहे, आणि काकडीची कोशिंबीर व फळें यांनीं पान भरतें.

चौथा नियम मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें दिवसास माणशीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभर. त्यांत लोणचें, पापड, फरसाण सारें आलें. ‘चवीपुरतें’ हा शब्द आमच्या वहींतून खोडला आहे.

मुलांची तक्रार झाली नाहीं असें नाहीं. नातू पहिले पंधरा दिवस ‘पथ्याचें पनीर’ म्हणून नाक मुरडीत होता. म्हणून सणावारीं व वाढदिवशीं मूळ कृति मूळ थाटांत होते. श्रीखंड-पुरणपोळीस जसा दिवस नेमलेला असतो तसाच तिलाहि नेमला आहे. मेजवानीनें मनुष्य बिघडत नाहीं. रोज मेजवानी करून तिला घरचें जेवण म्हटल्यानें बिघडतो.

अण्णांची पुढील तपासणी गेल्या महिन्यांत झाली. आंकडा खालीं आला आहे. त्यांत औषधाचा वांटा किती, फिरण्याचा किती आणि वहीचा किती, तें डॉक्टर जाणोत. आम्ही त्याचें श्रेय वाटीत बसत नाहीं. मात्र डॉक्टरांनीं पुन्हां विचारलें, “बाहेरचें खातां काय?” तेव्हां अण्णांनीं उत्तर न देतां सूनबाईची वही त्यांच्यापुढें ठेवली. डॉक्टरांनीं तीं पानें बराच वेळ चाळलीं, आणि ही कोणीं लिहिली म्हणून विचारलें. अण्णा म्हणाले, “आमच्या सूनबाईंनीं. तोलण्याचें काम तेवढें दादांकडे आहे.”

तें काम आम्ही अजून करतों. ‘घरचेंच आहे, निःशंक खा,’ असें आमच्या घरीं अजूनहि म्हटलें जातें. परंतु ‘निःशंक’ या शब्दापूर्वीं आतां काट्यावर एकदां शंका घेतलेली असते.